आधी किनारा ओळखा, मग बोट

शेलूबाजारहून समुद्र पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. समृद्धी महामार्गावर इथूनच चढता येते, तरी मुंबई गाठायला दिवसाचा बराचसा वेळ जातो. अशा गावात कोकणच्या आगबोटींचे फोटो कोण कशाला शोधेल? पण फोटो माणसांबरोबर फिरतात. बदलीवर आलेल्या मास्तरांच्या ट्रंकेत, पोस्टातल्या किंवा बँकेतल्या कर्मचाऱ्याच्या अल्बममध्ये, रत्नागिरीकडून सून होऊन आलेल्या बाईच्या पेटीत ते वऱ्हाडात येऊन पडतात. शिवाय मुंबई पाहायला गेलेले कुटुंब गेटवे ऑफ इंडियासमोर रांगेत उभे आहे आणि मागे घारापुरीची लाँच डुलते आहे, असा एखादा फोटो वाशिम जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत सापडेल. फोटो काढणाऱ्याचे लक्ष माणसांवर होते. बोटींचा शौकीन मात्र आधी त्यांच्या खांद्यामागे बघतो.

वऱ्हाड आणि कोकणची बोट यांच्यात आणखी एक जुना धागा आहे. कारंजावरून पूर्वी धावणारी मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वे किलिक निक्सन या मुंबईच्या ब्रिटिश पेढीच्या गोतावळ्यातली. कोकण किनाऱ्यावर वर्षानुवर्षे प्रवासी वाहणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही याच पेढीच्या व्यवस्थापनाखाली होती. कापसाच्या मुलखातली आगगाडी आणि नारळीच्या किनाऱ्यावरची आगबोट यांचे कागद एकेकाळी एकाच कचेरीत फिरत असणार. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनले आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त होऊन त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. म्हणजे कारंजा स्थानकाच्या फोटोत गाडीला डिझेल इंजिन दिसले, तर ‘आजोबांच्या लहानपणचा फोटो’ हा घरातला दावा तिथेच संपतो. बोटींच्या फोटोंचे कामही याच रीतीने चालते. चित्रातली एखादी मुकी वस्तू शोधायची, तिची तारीख माहीत करून घ्यायची आणि मग घरातली गोष्ट त्या तारखेशी ताडून बघायची.

या छंदात नवख्यांची घाई एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे नावाची. फोटो हाती आला की पहिला प्रश्न ‘बोट कोणती?’ आणि उत्तर ठरलेले, ‘रामदास’. महाराष्ट्रात सर्वांत गाजलेली बोट तीच, त्यामुळे धूर सोडणारी कुठलीही जुनी बोट ‘रामदास’ ठरते. नाव एकदा फोटोला चिकटले की पुढे पाठवणारा प्रत्येक जण तेच पाठवतो आणि दहाव्या माणसापर्यंत अंदाजाचा इतिहास होतो. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी जागा, मग काळ, मग बोटीचा प्रकार आणि सर्वांत शेवटी नाव. पुष्कळ फोटो तिसऱ्या पायरीवरच थांबतात. त्यात कमीपणा काही नाही.

मुळात फोटोची प्रत नीट घ्यायला हवी. मोबाइलवर ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत नेमकी नाळेवरची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरची अक्षरे चकाकीत जातात. जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातला साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरेसा आहे. हातात मावणारा फोटो किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करावा, तळहाताच्या निम्मा असेल तर १२०० वर. काळा-पांढरा फोटोसुद्धा रंगीत पर्यायावरच स्कॅन करावा, कारण कागदाचा पिवळेपणा, शाईचा शिक्का आणि पेन्सिलीची खूण त्यातच वेगळी दिसते. मागची बाजू स्कॅन करायची राहिली तर अर्धे काम राहिले असे समजावे. स्टुडिओचा शिक्का, छपाईच्या कागदाचे नाव, कुणी तरी लिहिलेली तारीख हे सगळे तिथेच असते. फोटो अल्बमला चिकटला असेल तर ओढू नये. चिकट पानांवर पारदर्शक कागद असलेल्या अल्बममधले फोटो ओढले की पापुद्रा निघतो. तसा फोटो पानासकट स्कॅन करावा. मागे काही लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. लॅमिनेशन तर करूच नये.

स्कॅन केलेली मूळ फाइल तशीच ठेवून कामासाठी तिची दुसरी प्रत करावी. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, नाही तर आकार घटतो आणि बारीक अक्षरे विरघळतात. जुना फोटो आपोआप रंगीत किंवा ‘स्पष्ट’ करून देणाऱ्या ॲपपासून तर चार हात दूर राहावे. ते ॲप धुरांड्याला स्वतःच्या मनाने रंग देते आणि पुसट नावाच्या जागी अक्षरांसारखे काही तरी काढून ठेवते. घरच्या भिंतीवर लावायला असा फोटो छान दिसेल, पण ओळख पटवायला तो निरुपयोगीच नव्हे, घातक आहे.

आता जागा. पहिली तपासणी फोटो उलटा तर छापलेला नाही ना, याची. निगेटिव्ह उलटी बाजू वर ठेवून छापली की डावे उजवे होते आणि किनारा ओळखू येईनासा होतो. अक्षरे दिसत असतील तर प्रश्न नाही. नसतील तर पुरुषांच्या शर्टाची बटणपट्टी बघावी. एरवी डावी पट्टी उजवीवर येते. बहुतेकांचे घड्याळ डाव्या मनगटावर असते. तीन-चार माणसांत दोन्ही गोष्टी उलट्या दिसल्या तर फोटो उलटा छापला आहे असे धरायला हरकत नाही.

कोकण किनाऱ्याचे एक सोपे गणित आहे. समुद्र पश्चिमेला. किनाऱ्यावर उभे राहून समुद्राकडे पाहिले तर डावा हात दक्षिणेला, उजवा उत्तरेला. अशा फोटोत चालत्या बोटीची नाळ डावीकडे असेल तर ती गोव्याच्या दिशेने निघाली आहे, उजवीकडे असेल तर मुंबईच्या. मुंबईच्या गेटवेवर हाच हिशेब उलटतो, कारण तिथे समोरचे बंदर पूर्वेला आहे. तिथे नाळ उजवीकडे असेल तर बोट बंदराबाहेर चालली आहे. आणि बोट नांगरावर असेल तर हे गणित बाजूला ठेवावे, कारण वारा आणि भरती-ओहोटी तिला हवी तशी फिरवतात. नाळेशी ताणलेली साखळी दिसते का आणि मागे पाण्यात फेसाची रेघ आहे का, यावरून बोट उभी आहे की चालती, हे कळते.

पार्श्वभूमीत किल्ला असेल तर काम निम्मे होते. समुद्रात लांबच लांब पसरलेली, बुटकी, वळणावळणाची तटबंदी आणि अलीकडे माडांचा किनारा, म्हणजे बहुधा मालवण आणि १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला सिंधुदुर्ग. गोलाकार, उंच, पाण्यातून सरळ वर आलेले बुरूज म्हणजे मुरूडचा जंजिरा. तिथे आणखी आत समुद्रात पद्मदुर्ग दिसतो का, ते बघावे. हर्णैला सुवर्णदुर्ग समुद्रात आणि कनकदुर्ग किनाऱ्याला लागून, अशी जोडी असते. विजयदुर्ग खाडीच्या तोंडाशी, जमिनीला चिकटलेला. रत्नागिरीला रत्नदुर्गाचा डोंगर आणि त्यावरचे दीपगृह. पणजीला बोट समुद्रात नव्हे, मांडवी नदीत येत असे, त्यामुळे पाणी शांत आणि समोर काठावरचा आदिलशहाचा राजवाडा. मुंबईजवळच्या रेवसला यांपैकी काहीच नाही. सपाट किनारा, ओहोटीचा चिखल, तिवरांची झाडी आणि लांब धक्का. किल्ला दिसत नाही म्हणून फोटो टाकून देऊ नये, तो रेवसचा असू शकतो.

बोट आणि धक्का यांच्यातले अंतरही बोलते. बऱ्याच बंदरांत मोठी आगबोट किनाऱ्याला लागतच नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि प्रवासी, ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांच्या पाट्या यांची पडावातून, म्हणजे लहान होडीतून, ने-आण होई. हेलकावणाऱ्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकण्याचा क्षण कोकणातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत पक्का बसलेला आहे. त्यामुळे बोटीच्या कुशीला चार-पाच पडाव लगटलेले दिसले तर तो मुंबईचा फोटो नसण्याची शक्यता मोठी. उलट, फळीवरून लोक सरळ बोटीत शिरत असतील तर भाऊचा धक्का, पणजी अशा धक्क्यांचा आधी विचार करावा. भाऊच्या धक्क्याबाबत एक सावधगिरी: भाऊ अजिंक्य यांच्या नावाने ओळखला जाणारा एकोणिसाव्या शतकातला मूळ धक्का आणि आजचा माझगावचा धक्का यांची जागा एक नाही. आजचा धक्का डोळ्यांसमोर ठेवून जुना फोटो ‘हा तिथला नव्हेच’ म्हणून फेटाळू नये.

जागेनंतर काळ. मुंबई बंदराचे फोटो इथे सर्वांत उदार. ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले. गेटवे ४ डिसेंबर १९२४ ला खुले झाले. गेटवेजवळचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ चा आणि ताजच्या शेजारचा उंच मनोरा १९७३ चा. एवढ्या चार तारखा पाठ असल्या तरी मुंबई सहलीचा कुठलाही फोटो एका खिडकीत बसवता येतो. ताज आहे पण गेटवे नाही, म्हणजे १९०३ ते विसाव्या शतकाचे दुसरे दशक. गेटवे आणि पुतळा आहेत, पण जुन्या ताजच्या शेजारी उंच मनोरा नाही, म्हणजे साठचे दशक किंवा सत्तरीची सुरुवात. अर्थात, कॅमेरा कुठे वळला आहे ते पाहूनच ‘नाही’ म्हणावे. चौकटीबाहेर राहिलेली इमारत अस्तित्वातच नव्हती असे होत नाही.

कागदही साक्ष देतो. फोटोच्या मागे पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. नुसते ‘बॉम्बे ४’ असेल तर बहुधा त्याआधीचा. बोटीचे तिकीट सोबत जपलेले असेल आणि भाडे आण्यांत छापलेले असेल तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचे असण्याची शक्यता अधिक, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. कुणी मागे ‘कुलाबा जिल्हा’ लिहिले असेल तर लिहिणारा १९८१ च्या आधीच्या सवयीचा आहे, कारण त्या वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या फोटोवर ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ असेल तर ती ओळ १ मे १९८१ नंतर लिहिलेली. पण इथे लिहिण्याचा काळ आणि फोटोचा काळ यांत गल्लत होते. आजीने १९५० चा फोटो १९८५ साली ओळखून मागे नाव लिहिले असेल, तर शाईची तारीख फोटोला लावता येत नाही.

चौकोनी छोटे काळे-पांढरे फोटो घरोघरी दिसतात. भारतात खूप खपलेला आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा १२० फिल्मवर चौकोनी निगेटिव्ह देत असे, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांचा विचार प्रथम करावा. कागदावर ‘इंदू’ हे नाव असेल तर तो उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा माल आणि ती सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. रंगीत फोटो लालसर झाला असेल तर घाबरू नये. जुन्या रंगीत छपाईत निळसर रंग आधी विटतो.

काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या रंगांबद्दल आणखी एक सापळा आहे. शौकीन लोक धुरांड्याच्या पट्ट्यांवरून कंपनी ओळखतात आणि ते योग्यच आहे. पण तिसाच्या दशकापर्यंत सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला दाद देत नसे. लाल जवळजवळ काळा दिसे आणि निळा फिका पडे. त्यामुळे जुन्या फोटोतले ‘काळे’ धुरांडे प्रत्यक्षात लाल असू शकते. निशाणाचेही तसेच. ब्रिटिश काळात व्यापारी जहाजे मागच्या बाजूला लाल निशाण लावत, त्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक असे. स्वतंत्र भारताच्या व्यापारी जहाजांचे निशाणही लालच, फक्त कोपऱ्यात तिरंगा. दुरून दोन्ही गडद चौकोन. भिंग घेऊन कोपरा बघावा. तिथे आडवे तीन पट्टे आहेत की फुल्या, यावर १९४७ ची सीमारेषा ठरते.

आता पुन्हा ‘रामदास’कडे. ही बोट स्वान हंटर या प्रसिद्ध ब्रिटिश कारखान्यात १९३६ साली बांधली गेली. टनभार ४०६, लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट. १७ जुलै १९४७ च्या सकाळी, गटारी अमावास्येच्या दिवशी, ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि बंदराबाहेर काश्याच्या खडकाजवळ कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. एवढ्या माहितीवर तीन चाळण्या तयार होतात. फोटो १९३६ च्या आधीचा असेल तर बोट ‘रामदास’ नाही. निशाणाच्या कोपऱ्यात तिरंगा असेल तर नाही. गेटवेसमोर शिवाजी महाराजांचा पुतळा असेल तर नाहीच नाही. अकरा वर्षांची खिडकी आहे, त्यातच बसायला हवे.

चौथी चाळणी मापाची. बोट बाजूने, पूर्ण आडवी दिसत असेल तर कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाची उंची फूटपट्टीने मोजावी आणि बोटीची लांबी तिच्या किती पट आहे ते पाहावे. माणूस साधारण साडेपाच फुटांचा धरला तर ‘रामदास’ त्याच्या बत्तीसपटीच्या आसपास भरली पाहिजे. हिशेब पंधरापट आला तर ती बंदरातली लाँच, पन्नासपट आला तर मोठी बोट. बोट तिरपी असेल तर हे माप फसवते, कारण लांबी आखडते. माणूस कॅमेऱ्याकडच्या कठड्याशी आहे की पलीकडच्या, यानेही थोडा फरक पडतो. पण शंभर फूट आणि दोनशे फूट यांतला फरक कळायला ही रीत पुरते.

‘रामदास’च्या भोवतीची नावेही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. परकी कंपन्यांना टक्कर द्यायला देशी भांडवलावर उभ्या राहिलेल्या सहकारी आगबोट कंपनीला कोकणात ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावे दिलेली होती. ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात बुडाल्या. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘चंद्रावती’, ‘रोहिदास’, ‘सेंट अँथनी’ ही नावे येतात. नंतरच्या पिढीला गोव्याच्या मार्गावरच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ आठवतात. ऐंशीच्या दशकाअखेर ती वाहतूक थांबली. कंपन्याही बदलत गेल्या. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन पुढे सिंधिया कंपनीच्या ताब्यात गेली. तीच बोट दोन मालकांच्या दोन रंगांत दिसू शकते, म्हणून ‘रंग वेगळा, म्हणजे बोट वेगळी’ असे म्हणता येत नाही.

लोकांच्या तोंडचे नाव आणि कागदावरचे नाव निराळे असण्याची उदाहरणेही आहेत. ८ नोव्हेंबर १८८८ ला कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ बेपत्ता झालेली बोट कागदोपत्री ‘वैतरणा’ होती. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोकांनी तिला ‘वीजळी’ म्हटले आणि गुजराती लोकगीतांत ती त्याच नावाने राहिली. ‘वीजळी’चा म्हणून दाखवलेला फोटो समोर आला तर शोध ‘वैतरणा’ या नावाने घ्यावा लागतो.

ऋतूही तपासावा. पावसाळ्यात लांब पल्ल्याच्या कोकण बोटी बंद असत आणि दर्या शांत झाला की पुन्हा सुरू होत. मुंबई बंदराच्या आसपासची रेवससारखी जवळची फेरी मात्र पावसातही चाले. ‘रामदास’ जुलैत बुडाली, हाच त्याचा दुर्दैवी पुरावा. फोटोत छत्र्या, घोंगड्यांच्या खोळी आणि भिजलेला धक्का दिसत असेल तर मालवण-वेंगुर्ल्याच्या आधी रेवसचा विचार करावा.

एवढे झाल्यावरच म्हाताऱ्या माणसांकडे जावे आणि तेही जपून. ‘आजोबा, ही रामदासच ना?’ असे विचारले की आजोबा ‘हो’ म्हणतात. कधी खरोखर आठवते म्हणून, कधी विचारणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून. एकदा ‘हो’ म्हटले की पुढच्या वेळी त्यांनाही तसेच आठवते. त्याऐवजी फोटो हातात देऊन गप्प बसावे. मग विचारावे: कुठे चढायचात? किती वाजता सुटायची? रात्र बोटीवर काढावी लागे का? खाली उतरायला पडाव होता की फळी? जेवण कुठे? सामान कोण उचलायचे? रात्रभराचा प्रवास सांगितला तर तो रेवसचा नव्हे. पडाव सांगितला तर बंदर कळते. नाव स्वतःहून आले तर ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. दोन बहिणींनी एकाच फोटोबद्दल दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत, मध्यस्थी करून एक नाव ठरवू नये.

हे सगळे लिहून ठेवण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक फोटोखाली तीन वेगळे परिच्छेद. पहिल्यात फक्त डोळ्यांना दिसते ते. दुसऱ्यात घरच्यांनी सांगितलेले, कोणत्या नात्याच्या माणसाने आणि केव्हा सांगितले, यासह. तिसऱ्यात शौकिनांचा निष्कर्ष, पुराव्यासकट. नमुन्यादाखल: ‘एक धुरांडे, दोन डोलकाठ्या, बाजूला तीन पडाव, मागे समुद्रात लांब तटबंदी. मागे पेन्सिलीने “मालवण”. — फोटोतल्या मुलीच्या नातीच्या म्हणण्याप्रमाणे आजी लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईला निघाली तेव्हाचा. — तटबंदी आणि मागची नोंद यांवरून मालवण जवळजवळ नक्की. निशाणाच्या कोपऱ्यात आडवे पट्टे, म्हणून १९४७ नंतरचा. बोटीचे नाव ठरत नाही.’ पुढे दुसऱ्या कुणाला नवा पुरावा मिळाला तर तिसरा परिच्छेद बदलता येतो आणि पहिले दोन शाबूत राहतात. फाइलचे नाव ‘बोट जुनी फायनल २’ असे न ठेवता गाव आणि क्रमांक असे ठेवावे. ‘शेलूबाजार-००१-पुढे’ आणि ‘शेलूबाजार-००१-मागे’ ही जोडी कधी तुटत नाही.

‘जवळजवळ नक्की’, ‘बहुधा’, ‘शक्य आहे’ या शब्दांना प्रत्येक गटाने ठरावीक अर्थ द्यावा आणि तो पाळावा. दोन स्वतंत्र पुरावे असतील तर ‘जवळजवळ नक्की’, एकच असेल तर ‘बहुधा’. एका फोटोवरून दुसरा ओळखला असेल तर तो स्वतंत्र पुरावा नव्हे, कारण पहिली ओळख चुकली की दोन्ही पडतात.

नावापर्यंत जाण्याची वेळ आली की छापील नोंदींकडे वळावे. लॉइड्स रजिस्टरच्या वार्षिक खंडांत बोटीचे नाव, बांधणीचे वर्ष, कारखाना, टनभार, लांबी-रुंदी आणि मालक दिलेले असतात. १९३० ते १९४५ या काळातल्या खंडांच्या प्रती इंटरनेटवर पाहायला मिळतात आणि कोकण बोटींच्या दृष्टीने नेमकी तीच वर्षे महत्त्वाची आहेत. जुन्या बॉम्बे गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा आणि कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा. त्यांत प्रत्येक बंदराची खोली, धक्का, रहदारी यांचे वर्णन मिळते. महाराष्ट्र शासनाने पुढे काढलेले जिल्हा गॅझेटिअरही पाहावेत. वाशिमच्या वाचकाला मुंबईच्या पुराभिलेखागारात रोज जाणे शक्य नाही, पण एखाद्या कामासाठी मुंबईला जाणे झालेच तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या या दप्तरखान्यासाठी एक दिवस राखून ठेवावा. जाण्याआधी वर्षे आणि बंदरे ठरलेली असावीत. नुसते ‘बोटींचे काही आहे का’ विचारणाऱ्याला तिथला माणूस मदत करू शकत नाही.

फोटो चार लोकांना दाखवण्याआधी दोन परवानग्या लागतात. एक घरच्यांची. फोटोत बोट पाहणाऱ्याला बोट दिसते, घरच्यांना आई दिसते. नाव-गाव लिहायचे की नाही, चेहरे ठेवायचे की फक्त बोटीचा भाग कापून दाखवायचा, हे त्यांनी ठरवावे. अपघातात माणूस गमावलेल्या घरातला फोटो तर मागूनही नेऊ नये. त्यांनी आपण होऊन दिला तरच घ्यावा. दुसरी परवानगी कायद्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहत असे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणून स्टुडिओचा शिक्का असेल तर त्या स्टुडिओचे नाव फोटोसोबत ठेवावे आणि पुस्तकात किंवा दिवाळी अंकात छापण्यापूर्वी त्याच्या वारसांचा शोध घ्यावा. पुस्तकातला किंवा वर्तमानपत्रातला फोटो मोबाइलवर टिपून ‘आमच्या संग्रहातून’ म्हणून फिरवणे हा या छंदातला सर्वांत मोठा आजार आहे. छापलेल्या फोटोची जाळी भिंगाखाली ठिपक्यांसारखी दिसते, मूळ फोटोत ठिपके नसतात. शंका आली की भिंग काढावे.

स्कॅन झाला की मूळ फोटो ज्या घरून आणला तिथे परत द्यावा आणि त्यासोबत एका पेनड्राइव्हवर फाइल व टिपणाची छापील प्रत द्यावी. निगेटिव्ह सापडल्या तर त्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. प्रत्येक पट्टी वेगळ्या साध्या कागदी पाकिटात ठेवावी आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली तापणाऱ्या माळ्याऐवजी खालच्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवायला सांगावे. वऱ्हाडातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर निगेटिव्हच्या पट्ट्या वाकतात आणि एकमेकींना चिकटतात. चिकटलेल्या पट्ट्या ओढून सोडवण्याचा प्रयत्न घरी करू नये. त्या तशाच पाकिटात ठेवून जाणकाराकडे न्याव्यात.